खुब्यात दुर्बीण घालण्यापूर्वी



या पानावर आम्ही एरवी लिहितो ते बेणे, खत, पाणी आणि तोडणी कार्यक्रमाबद्दल. या अंकात विषय खुब्याच्या दुखण्याचा घेतला आहे. शेतकी खात्याचा माणूस दवाखान्यात कशाला शिरला, असे कोणी म्हणेल. त्याला कारण आहे. आमच्या गट ऑफिसात ऊस नोंदीच्या कागदांबरोबर अलीकडे दवाखान्याच्या फायलीही टेबलावर येऊ लागल्या आहेत. सभासद फाईल पुढे सरकवतो आणि विचारतो, "साहेब, पोराच्या खुब्यात दुर्बीण घालायची म्हणत्यात. सांधा बदलायचा नाही, नुसती दोन भोकं. करावं का?"

आम्ही कृषी पदविकाधारक आहोत, डॉक्टर नव्हे. ऑपरेशन करावे की न करावे हे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण प्रश्न वारंवार येऊ लागला तेव्हा आम्ही या विषयाची माहिती जमवली, जाणत्या डॉक्टरांपाशी बसून समजून घेतली, आणि त्यातून आमचे एक मत बनले. ते असे की, खुब्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचा निकाल तीन गोष्टींवर ठरतो. निदान बरोबर आहे का, सांधा कोणत्या अवस्थेत आहे, आणि सर्जनचा हात त्या कामावर किती बसलेला आहे. या तिन्ही गोष्टी ऑपरेशनच्या आधी पारखता येतात, आणि त्या पारखणे हे रुग्णाचे व घरच्यांचे काम आहे. बेणे घ्यायला आपण दहा कोस जाऊन मळा डोळ्यांनी बघतो. मग अंगावर सुरी चालवून घेताना नुसता बोर्ड वाचून कसे चालेल?

दुखतंय कुठं?

ऊस पिवळा पडला की काही जण लगेच युरियाचे पोते फोडतात. पण पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा केवडा असेल, सरीत पाणी साचले असेल किंवा मुळाला हुमणी लागली असेल. मुळाशी उकरून बघितल्याशिवाय कळत नाही. खुब्याचे तसेच आहे. आपण 'खुबा दुखतो' म्हणून हात ठेवतो तो बऱ्याच वेळा कुल्ल्यावर किंवा कमरेच्या मागच्या बाजूला. ते दुखणे पुष्कळदा मणक्यातून आलेले असते. खुद्द सांध्याचे दुखणे बहुधा पुढे, जांघेत जाणवते. कुठे दुखते असे विचारल्यावर अंगठा मागे आणि बोटे पुढे अशी मूठ उघडून जो माणूस बाजूने खुबा पकडून दाखवतो, त्याचे दुखणे सांध्यातले असण्याचा संभव जास्त, असे डॉक्टर सांगतात.

आपल्याकडच्या जगण्यात हा सांधा पुरेपूर वाकवावा लागतो. खुरपायला उकिडवे बसणे, मांडी घालून जेवणे, देशी संडास, ट्रॅक्टरवर चढणे, मोटारसायकलवरून पाय टाकणे, या सगळ्यांत मांडी पोटाकडे येते. उभ्याने काम करताना काही नाही, पण उकिडवे बसले की जांघेत कळ निघते, उठताना अडकल्यासारखे होते, आत 'कट' असा आवाज येतो, अशी तक्रार वीस ते चाळीस वयाच्या माणसाची असेल तर डॉक्टर सांध्यातल्या अडथळ्याचा विचार करतात.

हा अडथळा काय असतो? खुबा हा उखळीचा सांधा आहे. कमरेच्या हाडात वाटी आणि मांडीच्या हाडाच्या टोकाला चेंडू. वाटीच्या कडेने एक लवचीक कड असते, पाइपाच्या जोडातल्या रबरी वॉशरसारखी. तिला लॅब्रम म्हणतात. ही कड सांधा घट्ट धरून ठेवते आणि आतले वंगण आत राखते. काही लोकांच्या चेंडूखालच्या मानेवर हाडाचा उंचवटा असतो, काहींची वाटीच पुढे जास्त आलेली असते, तर काहींचे दोन्ही असते. मांडी पोटाकडे आली की हाडावर हाड आदळते आणि मधली कड चेंगरते, फाटते. पुढे कूर्चाही उखडू लागते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील सर्जन राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ही कल्पना नीट मांडली, आणि त्यानंतर जगभर या ऑपरेशनांची संख्या झपाट्याने वाढली.

पण इथे एक मोठी मेख आहे. हाडावरचा उंचवटा किंवा कडेची फाट एम.आर.आय.मध्ये दिसली म्हणजे दुखणे तिचेच, असे ठरत नाही. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्याची कसलीही तक्रार नसलेल्या ४५ माणसांचे एम.आर.आय. काढले. त्यांतल्या ६९ टक्के लोकांत कडेची फाट दिसली! दुखत तर कोणाचेच नव्हते. म्हणून २०१६ साली इंग्लंडमधील वॉरिक येथे तज्ज्ञांनी एकत्र येऊन ठरवले की, तक्रार, हाताने केलेली तपासणी आणि एक्स-रे किंवा एम.आर.आय. या तिन्हींचा मेळ बसला तरच हे निदान करावे. रुग्णाला टेबलावर न घेता, मांडी वाकवून-फिरवून न बघता, नुसता रिपोर्ट वाचून कोणी ऑपरेशन सांगत असेल तर तिथून उठावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शंका राहिली तर सांध्यात बधिर करणारे इंजेक्शन देऊन बघतात. तासाभरात दुखणे थांबले तर उगम सांध्यात आहे. फरकच पडला नाही तर दुसरीकडे शोधावे लागते. ही चाचणी सोपी आहे. डॉक्टरांनी सुचवली तर 'उगीच खर्च' म्हणून टाळू नये.

ऑपरेशन म्हणजे नेमके काय करतात?

सांध्यात दुर्बीण घालण्याची विद्या गुडघ्यावर आधी रुजली. खुब्यात ती उशिरा आली, कारण हा सांधा खोल आहे, भोवती जाड स्नायू आहेत आणि चेंडू वाटीत घट्ट बसलेला आहे. न्यूयॉर्कचे डॉ. मायकेल बर्मन यांनी १९३१ साली मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली. चेंडू आणि वाटी यांच्या मधल्या जागेत सुई घालणे शक्य नाही असे त्यांनी तेव्हा नमूद केले होते. आज ते शक्य झाले आहे ते पाय ओढून धरण्याच्या टेबलामुळे.

रुग्णाला पूर्ण भूल देतात. पाय एका खास टेबलाला बांधून हळूहळू ताणतात, त्यामुळे चेंडू वाटीतून सुमारे एक सेंटिमीटर बाहेर सरकतो. तेवढ्या फटीत काम करायचे असते! क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत बघत एक लांब सुई आत नेतात, तिच्यावरून नळी, आणि नळीतून दुर्बीण. दोन किंवा तीन छिद्रे पाडतात. एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून अवजारे. सांध्यात सलाईनचे पाणी दाबाने सोडून जागा फुगवतात. मग फाटलेली कड हाडात छोट्या खुंट्या ठोकून दोऱ्याने परत बांधतात. ओढ सोडल्यावर मानेवरचा उंचवटा बारीक फिरत्या कानशीने घासून काढतात. शेवटी सांध्यावरचे आवरण जिथे कापले तिथे बहुधा शिवून घेतात. सगळ्याला दीड-दोन तास, कधी अधिकही लागतात. रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो.

'नुसती दोन भोकं' हे ऐकायला बरे वाटते. पण भोक लहान म्हणून काम लहान होत नाही. बोअर सहा इंची असली तरी मोटार खाली सोडणाऱ्याला विद्या लागतेच. पाय ताणल्यामुळे जांघेत किंवा मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा येतो. तो बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो, थोड्यांचा रेंगाळतो. क्वचित जंतुसंसर्ग होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, स्नायूत नको तिथे हाड धरते. हाड प्रमाणाबाहेर घासले गेले तर मान मोडण्याचा धोका असतो, आणि कमी घासले तर दुखणे तसेच राहते. आवरण नीट न मिटल्यास सांधा डळमळीत होऊ शकतो. मोठे अपाय थोड्यांनाच होतात, पण ते होऊ शकतात हे सहीच्या आधी कळले पाहिजे.

कोणाला उपयोग, कोणाला नाही?

हा भाग सभासदांनी दोनदा वाचावा, कारण फसगत होते ती इथेच.

खोडव्यात चार ठिकाणी तुटाळ असेल तर आपण नांग्या भरतो आणि पीक धरते. पण मुळेच कुजली असतील तर नांग्या भरून काय होणार? तो खोडवा मोडून नवी लागणच करावी लागते. दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे नांग्या भरणे आहे. सांध्याची कूर्चा शाबूत असेल तरच ते कामाला येते. एक्स-रेवर चेंडू आणि वाटी यांच्यातले अंतर दोन मिलिमीटरपेक्षा कमी झाले असेल, म्हणजे सांधा झिजला असेल, तर दुर्बिणीने लाभ होण्याची आशा फार थोडी. असा माणूस वर्ष-दोन वर्षांत सांधा बदलायला परत येतो, आणि खर्च दोनदा होतो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, सकाळी खुबा आखडणाऱ्या आमच्या बहुतेक ज्येष्ठ सभासदांचे दुखणे या झिजेचे असते. त्यांनी दुर्बिणीच्या जाहिरातीला भुलू नये.

दुसरे दुखणे चेंडूचा रक्तपुरवठा तुटण्याचे. यात चेंडूचे हाड आतून मरते आणि पुढे ढासळते. हे तरुणांतही दिसते. अति दारू आणि स्टिरॉइडची औषधे ही त्याची दोन मोठी कारणे. कोरोनाच्या उपचारात स्टिरॉइड घेतलेल्या काही रुग्णांत ते आढळल्याची नोंद २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी केली. बाजारात बसून कोणी नाव-गाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्या विकतो, त्यांतही स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. सुरुवातीला साध्या एक्स-रेत हे दुखणे दिसत नाही, एम.आर.आय.मध्ये दिसते. याचे उपचार वेगळे आहेत. कडेची फाट समजून यावर दुर्बीण चालवली तर मूळ दुखणे तसेच पुढे जाते.

तिसरे, जन्मापासून उथळ वाटी. हे स्त्रियांत अधिक आढळते. अशा सांध्यात नुसती दुर्बीण घालून आवरण कापले तर सांधा आणखी डळमळतो. तिथे वाटीच फिरवून बसवण्याचे मोठे ऑपरेशन लागू शकते. चौथे, खुब्याचा क्षय. रात्री जास्त दुखणे, बारीक ताप, वजन उतरणे असे असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि ताप चढून पाय जमिनीला टेकवताच येत नसेल तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.

योग्य रुग्ण निवडला तर ऑपरेशनने गुण येतो का? येतो. ब्रिटनमधील २३ सरकारी रुग्णालयांत ३४८ रुग्णांवर याची रीतसर परीक्षा झाली, तिचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दुर्बिणीचे ऑपरेशन आणि निम्म्यांना फिजिओथेरपिस्टकडून नेमून दिलेला व्यायाम, असे सोडत काढल्याप्रमाणे वाटले. वर्षाने बघितले तर सुधारणा दोन्ही गटांत होती. ऑपरेशनवाल्यांत ती अधिक होती, शंभर गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी सुमारे सात गुणांनी. खर्चही त्यांचा अधिक झाला. यावरून आम्ही दोन गोष्टी घेतो. ऑपरेशन थोतांड नाही. आणि आधी व्यायाम करून बघण्यात काही बिघडत नाही. त्या परीक्षेतला व्यायाम म्हणजे दोन दिवस पाय हलवून सोडून देणे नव्हे. तीन ते सहा महिन्यांत सहा ते दहा वेळा तज्ज्ञाची गाठ आणि रोज घरी सराव, असा तो होता.

नामवंतांचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. टेनिसपटू अँडी मरे याच्या खुब्यावर जानेवारी २०१८ मध्ये मेलबर्न येथे दुर्बिणीचे ऑपरेशन झाले. पैशाला तोटा नव्हता. तरीही दुखणे राहिले, आणि जानेवारी २०१९ मध्ये लंडनला त्याच्या सांध्याला धातूचे आवरण बसवावे लागले. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली. सांधा ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेचाच उपचार गुणाला येतो, हे यातून घ्यावे.

सर्जन कसा शोधावा?

गुडघ्याची दुर्बीण करणारे डॉक्टर आता जिल्ह्याच्या गावी पुष्कळ आहेत. खुब्याची दुर्बीण नेहमी करणारे मात्र थोडे, आणि ते बहुतेक मोठ्या शहरांत. 'दुर्बिणीद्वारे सर्व सांध्यांची शस्त्रक्रिया' या एका बोर्डाखाली दोन्ही कामे येतात, आणि घोटाळा तिथे होतो. गुडघ्याचा निष्णात सर्जन खुब्यात निष्णात असेलच असे नाही. एक लक्षात घ्यावे, हे काम शिकायला फार हात लागतात. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील आठ हजारांवर ऑपरेशनांचा हिशेब २०१८ साली मांडला गेला. ज्या सर्जनांची कारकिर्दीतली संख्या पाचशेच्या पुढे गेली होती, त्यांच्या रुग्णांना पुन्हा ऑपरेशनची गरज सगळ्यांत कमी लागली होती. आपल्याकडे पाचशेचा आग्रह धरून चालणार नाही. पण 'किती केलीत?' हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, हे त्यातून ठरते.

आपल्या भागात जुनी सवय अशी, की मिरजेला डॉ. वानलेस यांच्या काळापासून लोक पाहुण्यांच्या शब्दावर दवाखान्याला जात आले. शब्द मोलाचाच. पण पाहुण्याचा गुडघा बरा झाला म्हणून आपला खुबा त्याच डॉक्टरांकडे, हा हिशेब बरोबर नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून दोन नावे घ्यावीत. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात जाऊन तिथे विचारावे. फिजिओथेरपिस्टला विचारावे, कारण कोणाचे रुग्ण नीट चालत येतात हे त्याला रोज दिसते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे याची खात्री करावी. इंडियन आर्थ्रोस्कोपी सोसायटीसारख्या संस्थेचे सभासदत्व असेल तर चांगलेच, पण ती हाताची हमी नव्हे. आपल्या कारखान्याचा सभासद आहे म्हणून प्रत्येकाचा ऊस भारी असतो असे कुठे आहे?

सर्जनसमोर बसल्यावर पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

१) माझे निदान काय? एक्स-रेवर बोट ठेवून दाखवाल का?
२) माझी कूर्चा किती शिल्लक आहे? वाटी उथळ तर नाही ना?
३) ऑपरेशनऐवजी तीन-चार महिने व्यायाम केला तर काही नुकसान आहे का?
४) आपण खुब्याची दुर्बीण आजवर किती वेळा केली? या वर्षात किती? गुडघ्याची यात धरू नका.
५) कड शिवणार की कापून टाकणार? शिवता येण्याजोगी असेल तर शिवावी, असा आज सर्जनांचा कल आहे.
६) आपल्या रुग्णांपैकी कितींना पुन्हा ऑपरेशन किंवा सांधा बदल लागला?
७) ऑपरेशन आपण स्वतः करणार का? आपण शहरातून येऊन जाणार असाल तर नंतर काही झाले तर बघणार कोण?
८) खुंट्या, दोरे, भूल, खोली, व्यायाम, सगळे धरून खर्च किती? लिहून मिळेल का?

चौथ्या आणि सहाव्या प्रश्नाला जो सर्जन शांतपणे आकडा सांगतो, त्याच्यावर आमचा विश्वास बसतो. 'तुम्हाला काय कळतंय त्यातलं' असे जो म्हणतो, त्याच्याकडे आम्ही आमचा माणूस ठेवणार नाही. आणि 'तुम्हाला याची गरज नाही' असे सांगून जो परत पाठवतो, त्याचा पत्ता जपून ठेवावा.

विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे

आमच्या ज्येष्ठ मंडळींना हे पटत नाही. डॉक्टर म्हणजे देव, त्याला उलट प्रश्न कसा विचारायचा, असे ते म्हणतात. तरुणांपैकी काही दुसऱ्या टोकाला जातात आणि सगळे डॉक्टर लुटारू ठरवून हाडवैद्याकडे किंवा पुडीकडे वळतात. आम्हांला दोन्ही मते मान्य नाहीत. वजनकाट्यावर आपण काटा बघतो तो काटेवाल्याला चोर समजून नव्हे. काटा बघणे ही रीतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सांगितले आहे की, उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, दुसरे पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, एवढे रुग्णाला सांगूनच संमती घ्यावी. नुसत्या तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनची संमती होत नाही, हेही त्याच निकालात आहे. तसेच वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने आपले कागद मागितले तर ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला फाईल मागताना संकोच नको.

हंगाम आणि पैसा

ऑपरेशन झाले म्हणजे निम्मे काम झाले. बाकीचे निम्मे व्यायामाचे. सुरुवातीचे दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक, कुबड्या लागतात. मोटारसायकल, ट्रॅक्टर लगेच नाही. उकिडवे बसणे, रात्री दारे धरायला चिखलात जाणे, पोती उचलणे याला चार ते सहा महिने लागू शकतात. म्हणून आडसाली लागणीच्या तोंडावर किंवा आपल्या उसाला तोड येणार त्या महिन्यात तारीख घेऊ नये. हे दुखणे बहुतेकांच्या बाबतीत दोन-चार महिने थांबू शकणारे असते. मात्र वर्षानुवर्षे गोळ्या खाऊन ढकलत नेऊ नये, कारण कूर्चा गेली की दुर्बिणीची वेळही गेली. तरुण मुलाने कबड्डी, कुस्ती सोडली आणि तो 'आळशी झाला' म्हणून घरात बोलणी खातो, असे आम्ही पाहिले आहे. त्याची जांघ एकदा तपासून घ्यावी.

पैशाबाबत इतकेच सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारत योजनेत ही विशिष्ट शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. विमा असेल तर मंजुरी आधी घ्यावी. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जावे. हे काहीच न विचारता सावकाराकडे धाव घेऊ नये.

शिबिरांबाबत आमची सूचना

शेवटी संचालक मंडळाकडे आमची एक नम्र मागणी. कार्यक्षेत्रात आरोग्य शिबिरे होतात, ती व्हावीतच. पण मंडपात पाच मिनिटांत खुबा तपासून तिथेच ऑपरेशनची तारीख देण्याची प्रथा कारखान्याच्या नावाने चालू नये. माती परीक्षणाचा अहवाल येण्याआधी आम्ही खताची मात्रा लिहून देत नाही. शिबिरातून सभासदाच्या हाती लेखी टिपण आणि एक्स-रेची मूळ फिल्म जावी. ऑपरेशन सुचवले असेल तर दुसरे मत घेण्यास मोकळीक असल्याचे मंडपातच जाहीर सांगावे. आणि सर्जनबरोबर एक फिजिओथेरपिस्टही बोलवावा. यात कारखान्याला विशेष खर्च नाही, आणि चुकीच्या ऑपरेशनात एका कुटुंबाचे उसाचे बिल जाते ते मात्र वाचेल.

सभासद बंधूंनो, उसाची एक लागण चुकली तर वर्ष-दीड वर्षाने ती मोडता येते. सांधा असा मोडून पुन्हा लावता येत नाही. वर दिलेले आठ प्रश्न कापून पाकिटात ठेवा, घरात कोणाला खुब्याचे ऑपरेशन सांगितले तर सोबत न्या, आणि उत्तरे ऐकून मगच सही करा. कोणाला प्रश्न लिहून घ्यायचे असतील तर गट ऑफिसात यावे. तेवढे काम आम्ही आनंदाने करू.



— ऊस विकास अधिकारी